गावातली काळी-पिवळी जीप १:२४ मापात: सुटे भाग हातानं घडवण्याची रीत

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसच्या रस्त्यावर आम्ही ज्या जीपला लटकून शाळेत गेलो, तिचं जोडून बनवायच्या छोट्या मॉडेलचं किट मला कधी कुठल्या दुकानात दिसलं नाही. तामिया या जपानी मॉडेल कंपनीची लष्करी विलीस जीप १:३५ मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढी, मिळते, परदेशी मोटारी हव्या तेवढ्या मिळतात. पण लांब चेसीची, मागं समोरासमोर बाकं टाकलेली, वर कॅरिअर बांधलेली काळी-पिवळी हवी असेल तर ती बसून घडवावी लागते. या गाड्या आता रस्त्यावरून झपाट्यानं कमी होत आहेत, म्हणून हे काम मला निकडीचं वाटतं. गाडी भंगारात गेली की तिची मापंही जातात.

सुरुवात करायला जीपसारखी दुसरी गाडी नाही. महिंद्रानं १९४७ पासून विलीस या अमेरिकी कंपनीच्या जीपा भारतात जोडायला घेतल्या आणि त्या घराण्याचा सपाट, घडी घातल्यासारखा पत्रा पुढे कित्येक वर्षं टिकला. अॅम्बॅसडरचं गोलाईचं बोनेट घडवायला साचा लागतो. जीपच्या बहुतेक बाजू पट्टी आणि ब्लेडनं कापून उभ्या करता येतात.

आधी गाडी मोजा, मग ब्लेड हातात घ्या

१:२४ हे माप मी मुद्दाम निवडतो. त्यात खरा एक फूट म्हणजे बरोबर अर्धा इंच, त्यामुळे सुताराच्या टेपनं घेतलेलं माप जागच्या जागी मनात उतरवता येतं. मिलिमीटरमध्ये काम करायचं तर प्रत्येक आकड्याला २४ नं भागा. महिंद्राच्या एम. एम. ५४० जीपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, ९१ इंच आहे. २,३११ मिलिमीटर भागिले २४ म्हणजे ९६.३ मिलिमीटर. जुन्या आखूड सीजे-३बी चा (सीजे म्हणजे विलीसची नागरी जीप) व्हीलबेस ८० इंच, म्हणजे मॉडेलमध्ये ८४.७ मिलिमीटर. जत्रेतल्या खेळण्याची जीप आधाराला घेणार असाल तर त्याच्या डब्यावर सहसा प्रमाण लिहिलेलं नसतं. खऱ्या गाडीच्या व्हीलबेसला खेळण्याच्या व्हीलबेसनं भागा, प्रमाण मिळेल. मग लांबी आणि रुंदी वेगवेगळी तपासा. खेळण्यात लांबी बरोबर आणि रुंदी जास्त असा घोळ बहुधा असतोच.

मोजायला स्टँडवर उभी गाडी शोधा. दुपारी दोन ते चार सवारी नसते, चालक झाडाखाली टेकलेले असतात. विचारल्याशिवाय टेप लावू नका. मी पहिल्यांदा वाकलो तेव्हा मागून चालक काकांचा आवाज आला, "कायले मोजून राह्यला बाबू? इकाची नाही गाडी." काकांना सगळं सांगितल्यावर त्यांनी स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं.

व्हीलबेस, दोन चाकांमधली रुंदी, बोनेटची लांबी आणि पुढची-मागची रुंदी, काचेच्या चौकटीची उंची, जमिनीपासून पायरीपर्यंतचं अंतर, मागच्या फाळक्याची उंची आणि चाकाचा पूर्ण व्यास एवढं लिहून घेतलंत तर बाकीचं फोटोवरून निघतं. फोटो मात्र पंधरा-वीस पावलं मागे जाऊन झूम करून काढा. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं टोक फुगतं आणि त्यावरून काढलेली मापं चुकतात. गाडीला टेकवून एक फुटपट्टी उभी ठेवा, म्हणजे फोटोतच माप राहतं. समोरच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. लष्करी विलीसला नऊ असत, नागरी सीजेला सात. तुमच्या गाडीला किती आहेत ते तिच्यासमोर उभं राहूनच मोजा, कारण अपघातानंतर दुसऱ्याच गाडीची जाळी बसवलेल्या जीपा आपल्याकडे पुष्कळ.

हे सगळं आलेखाच्या कागदावर १:२४ मध्ये काढा: बाजू, समोर, मागून आणि वरून. इथे गेलेला एक रविवार पुढचे चार वाचवतो.

जाडीचा हिशेब

नवा माणूस बहुधा इथेच चुकतो, म्हणून जरा थांबतो. जुनं एटीएम कार्ड हे घरात असलेलं उत्तम प्लास्टिक. त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर ठरलेली असते. पण ०.७६ गुणिले २४ म्हणजे १८ मिलिमीटर. खऱ्या जीपचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. म्हणजे कार्डाची बाजू कापून तशीच लावली तर जीप पाऊण इंची लोखंडाची दिसते. लांबी-रुंदी अचूक असूनही मॉडेल खेळण्यासारखं का दिसतं, याचं कारण बहुतेक वेळा ही उघडी कड असते.

यावर दोन उपाय. कार्ड आतून तिरकं घासून कड कागदासारखी करा. बाहेरून फक्त कडच दिसते, मधली जाडी कोणाला दिसत नाही. किंवा जिथे पत्रा दोन्ही बाजूंनी दिसतो, म्हणजे मडगार्ड, बोनेट, फाळका, तिथे खरा पत्राच वापरा. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर, मापात अडीच मिलिमीटरच्या आत. तालुक्याच्या छापखान्यातली वापरलेली ऑफसेटची अॅल्युमिनियम प्लेट याहून ताठ असते आणि रद्दीच्या भावात मिळते. ती वाकवताना तडकत असेल तर साबणाची वडी घासून मंद ज्योतीवरून फिरवा. साबण काळपट झाला की लगेच बाजूला घ्या. अॅल्युमिनियम मऊ पडतं आणि हवं तसं वळतं. कॅन कापताना जाड हातमोजे घाला, त्या कडा ब्लेडपेक्षा वाईट कापतात.

सामान बाजारातच आहे

मुंबई-पुण्याहून मॉडेलसाठीची पॉलिस्टायरिन प्लास्टिकची शीट मागवता येते, पण तिच्यावाचून काम अडत नाही. आठवडी बाजाराच्या गावात एक फेरी मारा.

मोटार रिवायंडिंगच्या दुकानात इनॅमलची तांब्याची तार गेजनुसार मिळते. विहिरीच्या मोटारी जळतच असतात, त्यामुळे हे दुकान प्रत्येक कसब्यात आहे. ३० नंबरची तार ०.३१ मिलिमीटर, ३३ नंबरची ०.२५, २० नंबरची ०.९१. जनावरांच्या औषधांच्या दुकानात १६ गेजची नवी सुई घ्या. तिचा बाहेरचा व्यास १.६५ मिलिमीटर, म्हणजे मापात ४० मिलिमीटरचा सायलेन्सरचा पाइप, तोही आतून खरोखर पोकळ. १८ गेजची सुई १.२७ मिलिमीटरची, हूडच्या, म्हणजे वरच्या कापडी छताच्या, कमानींना चालते. वापरलेली सुई कधीच घेऊ नका. टोक आधी घासून बोथट करा आणि सुई कापण्यासाठी कानशीवर फिरवत गोल खाच पाडा, मग हलकेच मोडा. पकडीनं कापली तर तोंड चेपतं.

फ्लेक्सवाल्याकडे सनबोर्डचे (फुगवलेल्या प्लास्टिकच्या हलक्या पाटीचे) तुकडे, सोनाराकडे बारीक ड्रिल आणि पितळी पत्र्याचा तुकडा, डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे लांबी (खड्डे भरायची पुट्टी), प्रायमर आणि ४०० पासून २००० पर्यंतचे वॉटरपेपर. घरात सीडीचे जुने डबे असतील तर जपून ठेवा. ते स्वच्छ पॉलिस्टायरिन असतं, साधारण १.२ मिलिमीटर जाड, चेसीच्या फरशीला अगदी योग्य. मात्र ठिसूळ असल्यानं एका दमात खोल कापू नका. स्टीलच्या पट्टीवरून ब्लेड तीन-चार वेळा हलकं ओढा, मग टेबलाच्या कडेवर ठेवून मोडा.

प्लास्टिक ओळखल्याशिवाय गोंद लावू नका

तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर तो पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे बादलीचं आणि डब्याच्या झाकणाचं प्लास्टिक. त्याला कोणताच गोंद नीट धरत नाही, बाजूला ठेवा. बुडाला तर बहुधा कामाचा. वाकवल्यावर पांढरी रेघ पडून मोडणारा तुकडा पॉलिस्टायरिनचा, कार्डाचा बहुतेक पीव्हीसीचा. सनबोर्ड फुगवलेलं पीव्हीसी असल्यानं तरंगतं, त्याला ही परीक्षा लागू नाही.

पॉलिस्टायरिनला एन. सी. थिनर (लॅकर रंग पातळ करायचं) बारीक कुंचल्यानं सांध्यावर सोडा. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. पीव्हीसीला पाइप जोडायचं सॉल्व्हंट सिमेंट, शेतीच्या पाइपच्या दुकानातलं, सुईच्या टोकावर घेऊन लावा. धातूला किंवा दोन वेगळ्या जातींच्या तुकड्यांना फेविक्विक किंवा अॅरल्डाइट. फट राहिली तर तिच्यात खाण्याचा सोडा भुरभुरून वर फेविक्विकचा थेंब सोडा. क्षणात दगड होतो, पाच-दहा मिनिटांत घासून घ्या, नंतर जास्तच कडक होतो. थिनर आणि फेविक्विकचं काम उघड्या ओसरीवर करा, बंद खोलीत नाही.

खोकं, जाळी आणि बोनेट

फरशी आधी. तिच्यावर सनबोर्डच्या दोन-तीन आडव्या भिंती उभ्या करा आणि त्यांना टेकवून बाजू चिकटवा. गुण्या लावून प्रत्येक कोपरा तपासा. इथे अर्धा मिलिमीटर तिरकं गेलं तर काचेच्या चौकटीपर्यंत तो तिरकेपणा चढत जातो. दोन्ही बाजू एकावर एक टेपनं बांधून एकदमच घासल्या की त्या तंतोतंत सारख्या होतात.

जाळीच्या फटी कापायचा मोह होईल. कापू नका, जोडत जा. खाली एक आडवी पट्टी, वर एक आडवी पट्टी आणि मध्ये उभ्या पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये फटीच्या रुंदीचा एक सुटा तुकडा अंतर राखायला. गोंद धरला की तो तुकडा काढून पुढच्या जागी लावा. सगळ्या फटी एकसारख्या येतात. शेवटी गोल घासणीनं फटींच्या टोकांना गोलाई द्या. खिडक्या, फाळक्यातली चौकट, पायरीची जाळी, सगळीकडे हीच रीत चालते.

बोनेटसाठी सागाच्या तुकड्याचा ठोकळा घासून घ्या, पुढे अरुंद, मागे रुंद. त्यावर मऊ केलेली प्लेट ठेवून अंगठ्यानं आणि चमच्याच्या पाठीनं दाबत कडा उतरवा. हातोडी नको. मडगार्डचा वळसाही तसाच, कुंचल्याच्या दांड्यावरून. खिळ्यांची डोकी हवी असतील तर प्लेट उलटी करून रबरावर ठेवा आणि बोथट सुईनं मागून टोचा, पुढे गोल टेंगळं उठतात.

चेसी आणि पाटे

चेसीच्या दोन लांब कांबी कार्डाच्या तीन-तीन पट्ट्या जोडून पन्हळीसारख्या करा. भरीव पट्टी वापरली तरी वरून कळत नाही, पण मॉडेल उलटं करून पाहणारा माणूस नेहमी असतो आणि तोच खरा रसिक.

जीपला चारही चाकांवर कमानपाटे (लीफ स्प्रिंग) असतात. एक पाटा खऱ्यात सहा-सात मिलिमीटर जाड, मापात पाव मिलिमीटरच्या थोडा वर. दह्याचा पातळ कप पॉलिस्टायरिनचा असेल तर त्याची भिंत साधारण एवढीच असते. रुंदी कापून घ्या, सर्वांत लांब पाटा वर आणि खाली एकेक आखूड. त्यांना एका वाटीच्या कडेवर बांधून थिनर सोडा आणि रात्रभर ठेवा. कमान कायम राहते. मध्ये यू-बोल्ट म्हणून ३० नंबरची तार दोनदा गुंडाळा. पाटे कोरून काढलेल्या एकाच तुकड्याचे कधी करू नका. पाट्यांमधली सावली रंगानं आणता येत नाही.

उन्हाळ्यात एक जपायचं. पॉलिस्टायरिन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण पातळ पट्टी ताणाखाली त्याच्या बरीच आधी वाकते. मे महिन्यात टिनाच्या खोलीत खिडकीशी ठेवलेली माझी एक पूर्ण झालेली चेसी संध्याकाळी धनुष्य झाली होती. तेव्हापासून अर्धवट काम माठाशेजारच्या फळीवर असतं.

इंजिन

बोनेट उघडं दाखवायचं असेल तरच यात पडा. नाहीतर खालून दिसणारा गिअरबॉक्स आणि तेलाची टाकी पुरे. मुख्य गोष्ट एवढीच की आपली जीप डिझेलवर चालते. परदेशी मोटारींची चित्रं पाहून लोक प्लगच्या वायरी ओढतात, पण डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतात. एम. एम. ५४० मध्ये प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या घराण्याचं २,११२ सीसीचं चार सिलिंडरी इंजिन होतं. त्याच्या कुशीत इंधनपंप बसतो आणि त्यातून चार लोखंडी नळ्या चार इंजेक्टरकडे जातात. त्या नळ्या साधारण सहा मिलिमीटरच्या, म्हणजे ३३ नंबरची तार अगदी नेमकी. तार आधी सरळ करा: एक टोक शिकंज्यात, दुसरं पकडीत, आणि किंचित ताणा. तार थोडी लांबते, ताठ होते आणि तिचे सगळे वळसे निघून जातात. मग वळणं सुईभोवती द्या. रबरी पाइपांना जुन्या इअरफोनच्या वायरीचं काळं कवच चालतं.

पाच सारखी चाकं

चार चाकं आणि एक स्टेपनी. टायरवर ६.००-१६ लिहिलेलं असेल तर रुंदी ६ इंच आणि रिम १६ इंच. मापात रुंदी ६.३, रिमची बैठक १६.९ मिलिमीटर. बाहेरचा व्यास टेपनं मोजलेलाच घ्या, झिजलेल्या आणि नव्या टायरमध्ये फरक पडतो. माझ्या गाडीत तो ३० मिलिमीटर आला.

पाच वेगवेगळी घडवू नका, ती सारखी होणारच नाहीत. एक नमुना नीट करा आणि त्याचा साचा घ्या. सीडीच्या डब्याच्या चकत्या बोल्टवर एकावर एक चढवून ड्रिल मशीनमध्ये फिरवत घासल्या की गोल टायर तयार होतो. नक्षीच्या पट्ट्या कार्डाच्या चिकटवा. मग हार्डवेअरच्या दुकानातून व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन सीलंट आणा, साधारण तेवढंच कॉर्नफ्लॉर घालून कणकेसारखं मळा. हात साबणाच्या पाण्यात ओले ठेवा, म्हणजे चिकटत नाही. नमुन्याला व्हॅसलिनचं पुसट बोट लावून त्यावर ही कणीक दाबा. ती लवकर घट्ट होते. नमुना काढला की साचा एक दिवस तसाच ठेवा.

आत अॅरल्डाइट ओता. सिलिकॉनला ते चिकटत नाही. ओतण्याआधी मिश्रण थोडं कोमट केलं तर पातळ होऊन बुडबुडे वर येतात. पण तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. एप्रिल-मेमध्ये एका वेळी एकाच चाकापुरतं मिसळा.

काच, दिवे, हूड

काचेला फेविक्विक लावलंत तर त्याच्या वाफेनं आतून पांढरं धुकं धरतं आणि जात नाही. शर्टच्या डब्याचं पारदर्शक प्लास्टिक घ्या आणि फेविकॉलनं बसवा, तो वाळल्यावर दिसत नाही. जीपचा गोल दिवा ७ इंची असतो, मापात ७.४ मिलिमीटर. गोळ्यांच्या पाकिटाचा गोल फुगवटा नेमका त्या आकाराचा शोधा. काच झाली, आणि त्याच पाकिटाची चांदी मागे आरसा म्हणून लावा.

हूडला कापड नको. कितीही तलम धोतर घेतलं तरी त्याची वीण या मापात पोत्यासारखी दिसते. टिश्यू पेपरचा एक पदर पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून कमानींवर टाका, ओला असताना काडीनं सुरकुत्या पाडा. सीटच्या रेक्झिनसाठी फुटलेल्या फुग्याचं रबर छान ताणून बसतं. कॅरिअर २० नंबरच्या तारेचं. आलेखाचा कागद फळीवर चिकटवा, खिळ्यांच्या मध्ये तारा अडकवा आणि प्रत्येक सांधा सोल्डर करा. सोल्डर करण्याआधी इनॅमल खरवडायला विसरू नका.

रंग ऋतू पाहून

आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा दुपारी स्प्रे मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि अंगावर वाळूसारखे बसतात. पहाटे सहाला मारा. पावसाळ्यात ओल्या हवेनं लॅकरवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते, तेव्हा रंग करूच नका. कापूस वेचणीच्या दिवसांत हवा उत्तम, पण जिनिंगजवळ राहत असाल तर तंतू उडतात. अंगण शिंपडून घ्या आणि रंगवलेला भाग लगेच डब्याखाली झाका.

मोटारीचा प्रायमर प्लास्टिक खाऊ शकतो, म्हणून पहिले दोन थर लांबून, धुक्यासारखे. करड्या प्रायमरवर थेट पिवळा मारला तर तो मळका दिसतो. मध्ये पांढरा द्या. आधी पिवळा, दोन दिवसांनी टेप लावून काळा. टेपची कारखान्याची कड वापरू नका, काचेवर चिकटवून ब्लेडनं नवी कड कापा आणि नखानं दाबा. नंबर प्लेट पिवळ्यावर काळ्या अक्षरांची, एमएच-२९ पासून पुढचा नंबर मनानं बनवलेला. ३४० बाय २०० मिलिमीटरची पाटी मापात १४.२ बाय ८.३ येते. झेरॉक्सवाल्याकडून लेझर प्रिंट काढा, मागून घासून कागद पातळ करा आणि पांढऱ्या कडांवर काळं पेन फिरवा.

शेवटी धूळ. शेतातली काळी माती वाळवून मलमलच्या कापडातून दोनदा गाळा आणि कोरड्या कुंचल्यानं मडगार्डच्या आतून, पायरीवर, पाट्यांमध्ये बसवा. बोनेटवर जवळजवळ नाही. चालक रोज सकाळी बोनेट पुसतोच.

जीप पूर्ण झाल्यावर मी ती काकांना दाखवायला स्टँडवर नेली. त्यांनी रंग पाहिला नाही, जाळी पाहिली नाही. उलटी केली आणि मागचे पाटे बोटानं मोजले. "मांगं तं एक पाटा वाढोला होता मी, सवारी जास्त बसे म्हणून. तुह्यात नाही तो." मी गाडी मोजली तेव्हा खाली वाकून मागचे पाटे मोजलेच नव्हते, पुढच्यांवरून धरले होते. त्या रात्री यू-बोल्टची तार सोडली, दह्याच्या कपातून दोन पट्ट्या कापल्या आणि दोन्ही बाजूंना एकेक पाटा घातला. मागची बाजू पाव मिलिमीटरनं वर आली.